हेलेबोर : बागेतील जातींची ओळख

हेलेबोर : (कुल – रॅनन्क्युलेसी, मोरवेल कुल). हेलेबोरस या प्रजातीतील बहुवर्षायू ओषधींचे सामान्य नाव. प्रजातीत साधारणपणे वीस जाती मानतात. मतभेद मुख्यतः बाल्कन प्रदेशातील हिरव्या फुलांच्या जातींविषयी आहेत. कोणी त्यांना स्वतंत्र जाती म्हणतात, कोणी उपजाती. प्रसार पश्चिम युरोपपासून बाल्कन, तुर्कस्तान व कॉकेशसपर्यंत आहे. हे. (हेलेबोरस) थिबेटॅनस ही एकच जाती या सर्वांपासून हजारो किलोमीटर दूर, पश्चिम चीनमध्ये आढळते. समशीतोष्ण प्रदेशातील बागांत हिवाळ्याच्या अखेरीस फुलणारी वनस्पती म्हणून हेलेबोर लावतात. नव्याने ताब्यात आलेल्या बागेत नामपट्टी नसलेले हेलेबोर आढळले, तर ते कोणते हे ठरवताना प्रथम फुलाचा रंग पाहिला जातो. ओळखीच्या दृष्टीने हे लक्षण सर्वांत कमी भरवशाचे आहे.

फुलात पाकळ्यांसारखे जे दिसते ती खरे तर पाच संदले (फुलाच्या सर्वांत बाहेरच्या वलयातील दले) होत. मूळ प्रदलांचे (पाकळ्यांचे) रूपांतर लहान, नळीसारख्या मधुप्रपिंडांत (मधुरस स्रवणाऱ्या ग्रंथींत) झालेले असून ती केसरदलांच्या (पुंकेसरांच्या) बाहेरच्या बाजूस वलयाने बसलेली असतात. परागण झाल्यावर केसरदले व मधुप्रपिंडे गळतात, संदले मात्र राहतात आणि बहुतेक जातींत हिरवी पडून अन्ननिर्मितीस हातभार लावतात. त्यामुळे एकच फूल फेब्रुवारीत पांढरे आणि एप्रिलमध्ये हिरवट गुलाबी दिसू शकते. केवळ छायाचित्रावरून केलेले निदान चुकते ते बहुधा येथेच. दुहेरी फुलांत हीच मधुप्रपिंडे पुन्हा संदलांसारखी पसरट झालेली असतात. असे प्रकार निसर्गातही मिळतात. मॉन्टेनेग्रोत १९७१ मध्ये हे. टॉर्क्वेटसची दुहेरी फुलांची रोपे सापडली आणि पुढे संकरासाठी वापरली गेली.

निश्चितीची पहिली पायरी म्हणजे खोड पाहणे. जमिनीवर पाने धारण करणारे उभे खोड असून त्याच्याच टोकाला पुढील हंगामात फुलोरा येत असेल, तर वनस्पती खोडयुक्त गटातील होय. पाने व फुलांचे दांडे जमिनीखालील मूलक्षोडातून (आडव्या खोडातून) स्वतंत्रपणे वर येत असतील, तर ती खोडविरहित गटातील होय. खोडयुक्त गटात बागेत येणाऱ्या जाती मोजक्याच आहेत. हे. फीटिडसची पाने गडद हिरवी व अरुंद दलकांची (पानाच्या सुट्या भागांची) असतात. फुले लहान, घंटेसारखी, हिरवी व बहुधा तांबूस जांभळ्या कडेची असतात आणि एका फुलोऱ्यात ती पुष्कळ येतात. चुरगळलेल्या पानास उग्र वास येतो, पण या लक्षणावर फार विसंबू नये. कॉर्सिका व सार्डिनियातील हे. आर्ग्युटिफोलियसमध्ये तीनच दलके असून त्यांच्या कडा काटेरी दातांच्या असतात. माजोर्का बेटावरील हे. लिव्हिडसही त्रिदली आहे. मात्र तिच्या कडा जवळजवळ अखंड असतात, शिरा फिकट जाळीसारख्या उठून दिसतात आणि पानाच्या खालच्या बाजूवर गुलाबी झाक असते. ही जाती कडाक्याचे हिमतुषार सोसत नाही. या दोन बेटवासी जातींचा संकर हे. × स्टर्नाय या नावाने ओळखला जातो (× ही संकराची खूण). तो फलनक्षम (बी धरणारा) असल्याने बियांपासून आलेल्या रोपांत दोन्ही टोकांमधील सर्व छटा मिळतात. काटेरी कडा आणि गुलाबी झाक एकाच पानावर दिसली, तर प्रथम याच संकराचा विचार करावा.

खोडविरहित रोपांत पुढचे लक्षण फुलाच्या दांड्यावर, फुलाच्या लगत खाली असलेल्या छदांत (लहान पानांसारख्या भागांत) पाहावे. ती अंडाकृती, फिकट व अखंड असतील आणि दांड्यावर एक ते तीन मोठी, पांढरी, बाजूस वळलेली फुले असतील, तर वनस्पती हे. नायगर, म्हणजे बागकामातील ख्रिसमस रोझ. नाताळात ती फुलतेच असे नाही. छदे पानांसारखी विभागलेली व दातेरी असतील, तर हा पर्याय बाद होतो. फूल कितीही शुभ्र असले तरी ते हे. नायगरचे नव्हे. याच जातीचे वर उल्लेखिलेल्या बेटवासी जातींशी व त्यांच्या संकराशी झालेले संकर (हे. × बॅलार्डी, हे. × नायजरकॉर्स, हे. × एरिकस्मिथाय) अलीकडे ऊतिसंवर्धनाने (प्रयोगशाळेत वनस्पतीच्या लहान तुकड्यांपासून) मोठ्या प्रमाणावर वाढवले जातात. त्यांत सहसा बी धरत नाही. फुले सुकल्यानंतरही मधली किंजदले (बी धरणारे स्त्री-अवयव) फुगली नाहीत, तर तो संकराचा चांगला पुरावा समजावा.

राहिलेली बहुतेक रोपे प्रजातीच्या हेलेबोरॅस्ट्रम या विभागातील असतात आणि खरी अडचण येथून सुरू होते. या विभागातील जाती एकमेकींशी सहज संकरित होतात व संकरही फलनक्षम असतात. हे. ओरिएंटॅलिस हे नाव लामार्क यांनी १७८९ मध्ये दिले. तिची पाने हिवाळाभर टिकतात. फुले मळकट पांढऱ्यापासून जांभळट गुलाबीपर्यंत असून गट्टेटस या उपजातीत आतल्या बाजूस तांबडे ठिपके असतात, तर ॲब्खॅसिकस उपजातीत जांभळा रंग प्रभावी असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जर्मनीत व पुढे ब्रिटनमध्ये या उपजातींचे आपापसांत आणि बाल्कन जातींशी संकर होत गेले. त्यांतून निघालेल्या समूहास आज हे. × हायब्रिडस म्हणतात. बागांतील जुन्या पट्ट्यांवर मात्र ‘ओरिएंटॅलिस’ हेच नाव दिसते. अनोळखी बागेत जांभळे, ठिपकेदार, करडे वा पिवळसर फूल खाली मान घालून उभे असेल आणि पाने चामड्यासारखी, सात-नऊ दलकांची असतील, तर ‘हायब्रिडस’ यापेक्षा अधिक नेमके नाव देण्याचा मोह टाळावा. संवर्धित (बागेसाठी निवडून वाढवलेल्या) प्रकाराचे नाव शोधणे तर बहुधा व्यर्थच असते, कारण बियांतून आलेले रोप मातृवनस्पतीसारखे निघत नाही. विभाजनाने वा ऊतिसंवर्धनाने वाढवलेल्या रोपालाच असे नाव लावता येते. मोठ्या झुडपाखाली लहान रोपांची दाटी असेल, तर ती त्याच्याच गळलेल्या बियांतून आलेली असतात. बीजांवरील तेलयुक्त उपांगांसाठी मुंग्या ती उचलून नेतात. त्यामुळे बागेच्या दुसऱ्या टोकालाही एखादे रोप उगवलेले आढळते. बियांपासून फुलावर यायला साधारण तीन वर्षे लागतात.

हिरव्या फुलांची रोपे खरोखर वन्य जातींची असू शकतात. त्यांच्यासाठी भिंग लागते. एक जून झालेले फूल उलटे करून संदले बाजूला सारावीत आणि किंजदलांचे तळ पाहावेत. हे. सायक्लोफायलसमध्ये ती तळापर्यंत सुटी असतात, हे. ओडोरसमध्ये तळाशी जुळलेली असतात. पाने व फुले यांवरून या दोन जाती वेगळ्या करणे अवघड असल्याने हे किरकोळ वाटणारे लक्षण महत्त्वाचे ठरते. हे. परप्युरासेन्सचे पान खऱ्या अर्थाने हस्ताकृती (तळव्यातून बोटे निघावीत तसे) असून ते हिवाळ्यात मरते. हे. व्हिरिडिसही पानगळी आहे, पण तिचा आकार लहान असतो.

वर्गीकरण : लिनीअस यांनी १७५३ मध्ये ही प्रजाती मांडली तेव्हा तिच्यात आज एरँथिस व कॉप्टिस या प्रजातींत गणल्या जाणाऱ्या वनस्पतीही होत्या. पुढे शिफनर (१८९०) व उल्ब्रिख (१९३८) यांनी तपशीलवार मांडणी केली. सध्या ब्रायन मॅथ्यू यांची १९८९ मधील सहा विभागांची मांडणी सर्वसाधारणपणे स्वीकारली जाते. तिच्यात हे. व्हेसिकॅरियस व हे. थिबेटॅनस यांना प्रत्येकी स्वतंत्र विभाग आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने या मोठ्या विभागांना बळकटी मिळाली. हेलेबोरॅस्ट्रममधील जातींची परस्परनाती मात्र त्यातून नीट उलगडली नाहीत.

प्राचीन हेलेबोर कोणते, हा वाद जुना आहे. ग्रीक वैद्यकात ‘पांढरे’ व ‘काळे’ असे दोन हेलेबोर होते. पांढरे म्हणजे व्हेरॅट्रम आल्बम, ही वेगळ्या कुलातील वनस्पती, याविषयी बऱ्यापैकी एकमत आहे. काळ्याविषयी तसे नाही. लिनीअस यांनी ‘नायगर’ हे नाव ज्या वनस्पतीस दिले ती आल्प्स व आसपासच्या पर्वतांतील असून ग्रीसमध्ये निसर्गतः उगवत नाही. तेव्हा ती बाद होते. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तूर्नफॉर यांनी १७००–०२ च्या प्रवासात तुर्कस्तानातील बुर्साजवळच्या ऑलिंपस पर्वतावर पाहिलेली वनस्पती हीच प्राचीनांची, असे मानले. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ सिबथॉर्प यांचा कलही तिकडेच होता. ही वनस्पती आज हे. ओरिएंटॅलिसमध्ये गणली जाते. मात्र प्राचीन ग्रीक वनस्पतिवेत्ते थिओफ्रॅस्टस उत्तम हेलेबोरचे स्थान म्हणून मध्य ग्रीसमधील ईटा पर्वताचा निर्देश करतात आणि औषधासाठी प्रसिद्ध असलेले अँटिसायरा हे नगरही मध्य ग्रीसमध्येच होते. त्या भागात आढळते ती हे. सायक्लोफायलस. भौगोलिक पुरावा पाहता तिचा दावा अधिक सबळ दिसतो, जरी वाळलेल्या मुळांच्या व्यापारात एकाहून अधिक जाती मिसळल्या जात असणे शक्य आहे. पहिल्या पवित्र युद्धात (इ. स. पू. ५९० च्या सुमारास) ग्रीसमधील किऱ्हा नगराच्या पाण्यात हेलेबोर टाकून शहर घेतल्याची कथा आहे. ग्रीक प्रवासलेखक पॉसेनियस ही युक्ती अथेन्सच्या सोलनची म्हणतात, रोमन लेखक फ्रॉन्टिनस क्लेइस्थेनीसची. कथेची ही विविधताच तिच्याकडे सावधपणे पाहण्यास सांगते. अरबी-युनानी परंपरेत हेच दोन प्रकार ‘खर्बक’ या नावाने आले. काळी कुटकी म्हणून बाजारात मिळणारी मुळे अनेकदा हेलेबोरशी जोडली जातात; कुटकी (पिक्रोऱ्हायझा कुरोआ) ही हिमालयातील सर्वस्वी वेगळी वनस्पती आहे.

वनस्पतीचे सर्व भाग विषारी आहेत. हृदयावर परिणाम करणारे हेलेब्रिन हे ग्लायकोसाइड काही जातींत आढळते. ताज्या रसातील प्रोटोॲनिमोनीन या द्रव्याने कातडीचा दाह होतो. ओळखीसाठी फुले व फळे हाताळताना, विशेषतः बिया सोलताना, हातमोजे घालावेत. पानांवर कडेपासून पसरणारे तपकिरी, वलयांकित डाग हे जातीचे लक्षण नसून बुरशीचा रोग होय. शिरांलगत काळ्या रेघा उमटून वाढ खुरटली, तर तो विषाणुजन्य ‘ब्लॅक डेथ’ समजावा आणि रोप उपटून नष्ट करावे.