कॉमन ॲपमध्ये घरची जबाबदारी कुठे आणि कशी लिहायची

कॉमन ॲप, म्हणजे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांचा एकत्र ऑनलाइन अर्ज, भरताना मराठी घरांतली मुलं ‘ॲक्टिव्हिटीज’चा (वर्गाबाहेर काय करता याचा) रकाना हमखास वाया घालवतात. रोज पहाटे उठून गोठ्यातलं काम उरकणारी, आईच्या डब्यांच्या व्यवसायाचा हिशेब ठेवणारी किंवा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहून आजी-आजोबांसाठी दवाखान्यात दुभाष्याचं काम करणारी मुलं ‘माझ्याकडे ॲक्टिव्हिटीच नाहीत’ म्हणतात. घरचं काम ते काय सांगायचं, हा आपला संस्कार. अर्ज वाचणाऱ्याला मात्र दुपारी चारनंतर तुम्ही कुठे होता, हे कळायला दुसरा मार्ग नसतो. जागा रिकामी दिसली की तो वेळ मोकळा होता असंच वाटतं. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातल्या एका प्रकल्पाने 2016 साली कॉलेजांना हेच सुचवलं होतं: कुटुंबासाठी केलेलं काम क्लब आणि स्पर्धांच्या बरोबरीने मोजा.

काय चालतं

पाल्य अमेरिकेत शिकत असो वा सांगली-कोल्हापुरात, नियम एकच. काम नियमित हवं, आणि तुम्ही ते केलं नाही तर घरात कुणाला तरी ते करावं लागेल असं हवं. धाकट्या भावंडांना सांभाळणं, आजारी किंवा वृद्ध माणसाची काळजी, घरचा रोजचा स्वयंपाक, दुकान किंवा शेतीत हातभार, बिलं भरणं, सरकारी कागदपत्रं आणि डॉक्टरांच्या भेटींत भाषांतर, घरच्यांना गाडीने ने-आण. स्वतःची खोली आवरणं आणि दिवाळीला फराळात मदत करणं यात येत नाही. उगाच ताणू नका. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं आणि बाकीच्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

नेमकं कुठे

कॉमन ॲपच्या ॲक्टिव्हिटीज विभागात 10 नोंदी करता येतात. प्रकाराच्या यादीत ‘फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटीज’ हा स्वतंत्र पर्याय आहे, तो निवडा. ‘अदर’मध्ये टाकू नका. घरच्याच दुकानात काम करून पगार मिळत असेल तर ‘वर्क (पेड)’, मिळत नसेल तर कौटुंबिक जबाबदारी. एकच काम दोन्हीकडे दाखवू नका. नोंदी महत्त्वाच्या क्रमाने लावायच्या असतात. आठवड्याचे 15-18 तास घरी जात असतील तर ही नोंद पहिली किंवा दुसरी हवी, दहावी नव्हे.

भूमिकेसाठी 50 अक्षरं, संस्थेच्या नावासाठी 100 आणि वर्णनासाठी 150 मिळतात. मोकळी जागा आणि विरामचिन्हंही त्यातच. ‘घरकामात मदत’ हे सर्वांत निरुपयोगी वर्णन, कारण त्यातून काहीच दिसत नाही. त्याऐवजी असं बघा (अर्जात हे इंग्रजीत जाईल): ‘आजीसोबत आठवड्यातून 3 वेळा डायलिसिसला जाणे, पाणी व गोळ्यांची नोंद, कमी मिठाचा स्वयंपाक, नर्सशी मराठी-इंग्रजी दुभाषा.’ कर्ता गाळा, इंग्रजीत क्रियापदाने सुरुवात करा, आकडा द्या. ‘प्रेमाने’, ‘निष्ठेने’ असली विशेषणं अक्षरं खातात. भूमिकेच्या रकान्यात ‘मुलगी’ किंवा ‘नातू’ न लिहिता काम लिहा: केअरगिव्हर, दुभाषा, हिशेबनीस. संस्थेच्या रकान्यात नाव शोधत बसू नका, घरासाठी ‘फॅमिली’ पुरे.

तासांचा हिशेब

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. अर्ज दोन आकडे मागतो: आठवड्याला किती तास आणि वर्षात किती आठवडे. अंदाजाने लिहू नका, दोन आठवडे वहीत नोंद ठेवा. सोमवार ते शुक्रवार रोज अडीच तास म्हणजे 12.5, शनिवार-रविवार तीन-तीन म्हणजे 6, एकूण 18.5. अर्जात 18 लिहा, 20 नको. आईच्या उपचारांच्या पाच महिन्यांत घर तुम्ही चालवलं असेल तर साधारण 22 आठवडे लिहा आणि तेव्हाच्याच इयत्तेवर खूण करा. दरवेळी 52 आठवडे लिहिले की, याला सुट्टी, परीक्षा, आजारपण काहीच नसतं का, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो.

मग सगळ्या नोंदींचे तास एकत्र जोडून बघा. आठवड्यात 168 तास असतात. शाळेचे 35 आणि झोपेचे 56 वजा केले तर 77 उरतात, आणि त्यातच प्रवास, अभ्यास, जेवण. दहा नोंदींची बेरीज 60 वर गेली तर कुठेतरी फुगवलं आहे. घरात बसून भाऊ झोपला असताना अभ्यास केला, ते तास पूर्ण धरायचे का? फक्त प्रत्यक्ष लक्ष द्यावं लागतं तेवढेच धरा.

150 अक्षरांत न मावणारं

2025-26 पासून अतिरिक्त माहितीचा रकाना 650 शब्दांवरून 300 शब्दांवर आला. शिवाय ‘चॅलेंजेस अँड सर्कमस्टन्सेस’ हा 250 शब्दांचा ऐच्छिक प्रश्न आहे. अकरावीत मार्क घसरले आणि त्याच वेळी घरी आजारपण होतं, तर ते इथे. आधी काय झालं आणि कधी, मग तुमच्या वेळापत्रकात काय बदललं, मग आता परिस्थिती कशी आहे. एवढ्याला 100-150 शब्द पुरतात. आजाराचे तपशील, घरातली भांडणं, कर्जाचे आकडे यांची गरज नाही. घरच्यांना विचारून मगच लिहा. आपल्या आजारपणाचा उल्लेख मुलाच्या अर्जात यावा की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्या माणसाचाही आहे.

650 शब्दांचा मुख्य निबंध याच विषयावर असलाच पाहिजे असं नाही. नोंदीत तास आले, इथे कारण आलं, मग निबंधात तुमचा स्वभाव दिसू द्या.

कॅलिफोर्निया विद्यापीठांचा (यूसी) अर्ज वेगळा आहे. तिथे 20 नोंदी, प्रत्येकीला वर्णनासाठी 350 अक्षरं. कौटुंबिक जबाबदारीचा वेगळा प्रकार नाही, म्हणून ती ‘एक्स्ट्राकरिक्युलर’मध्ये जाते. निबंधाऐवजी 8 पैकी 4 प्रश्नांना 350 शब्दांपर्यंत उत्तरं. एमआयटी फक्त 4 नोंदी मागते, म्हणून तिथे घरची जबाबदारी वगळण्याचा मोह जास्त होतो. तास तिचेच जास्त असतील तर वगळू नका.

कागदपत्रं

अर्जासोबत या कामाचा पुरावा लागत नाही. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, हॉस्पिटलची बिलं जोडू नका. ती आर्थिक मदतीच्या अर्जाच्या बाजूची गोष्ट. तिथे सीएसएस प्रोफाइलमध्ये (अनेक कॉलेजं मागतात तो आर्थिक मदतीचा ऑनलाइन फॉर्म) विशेष परिस्थिती सांगायला वेगळी जागा असते. यूसी मात्र काही अर्जदारांना यादृच्छिक निवडून नोंदींचा पडताळा मागते, आणि उत्तर दिलं नाही तर अर्ज रद्द होऊ शकतो. म्हणून तासांची ती वही ठेवा आणि आई-वडिलांचं किंवा डॉक्टरांचं साधं पत्र मिळेल एवढी तजवीज ठेवा.

खरा पुरावा असतो शाळेच्या समुपदेशकाचं पत्र. महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत हे पत्र मुख्याध्यापक किंवा वर्गशिक्षक लिहितात, आणि त्यांना घरची परिस्थिती माहीतच नसते. मग पत्रात ‘शाळेनंतरच्या उपक्रमांत सहभाग कमी’ असं येतं आणि तुमच्या अर्जात 18 तास. सप्टेंबरमध्येच त्यांना अर्ध्या पानाची टिपणी द्या: काम, तास, कालावधी. शब्द तुमच्या अर्जातलेच हवेत असं नाही, पण आकडे जुळायला हवेत.

कॉमन ॲप दरवर्षी 1 ऑगस्टला नव्याने उघडतं, आणि लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबरला संपते. पाठवण्याआधी पीडीएफ प्रिव्ह्यू उघडा. वर्णन मध्येच तुटलं आहे का, इयत्तांच्या खुणा बरोबर आहेत का, हे तिथेच दिसतं. एकदा पाठवलेल्या कॉलेजाकडचा अर्ज नंतर आपल्या बाजूने बदलता येत नाही. चूक सापडली तर त्या कॉलेजाच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल करावा लागतो.