रुग्णालयाच्या बंद दारापासून: अ‍ॅबोरिजिनल परिचारिकांच्या लढ्याची पार्श्वभूमी

1950 चं दशक नुकतंच लागलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या रॉयल अ‍ॅडलेड हॉस्पिटलमध्ये एक अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या समाजातली तरुणी नर्सिंगचं प्रशिक्षण मागायला आली. व्हिक्टर हार्बरच्या छोट्या रुग्णालयात तिने कामाची सुरुवात केलेली होती. मेट्रनने, म्हणजे मुख्य परिचारिकेने, तिला केबिनमध्येही बोलावलं नाही. बाहेर कॉरिडॉरमध्येच सांगून टाकलं की अ‍ॅलिस स्प्रिंग्जला जा आणि तिथे तुझ्या लोकांची शुश्रूषा कर. मुलगी अ‍ॅलिस स्प्रिंग्जला कधी गेलेली नव्हती. आणि 'तुझे लोक' म्हणजे कोण, हे तिला ठाऊक असणार कसं? दोन वर्षांची असताना तिला आईपासून काढून क्वॉर्न गावच्या मिशनच्या कोलब्रूक होममध्ये, अ‍ॅबोरिजिनल मुलांच्या गृहात, ठेवलं होतं. तिचं लोवित्जा हे नावही तिथे 'लोइस' झालं होतं.

ही लोवित्जा ओडोनह्यू. तिने विषय सोडला नाही, थेट साउथ ऑस्ट्रेलिया राज्याचे मुख्यमंत्री थॉमस प्लेफोर्ड यांच्यापर्यंत नेला. 1954 मध्ये तिला प्रवेश मिळाला आणि पुढे त्याच रुग्णालयात ती चार्ज सिस्टर, म्हणजे वॉर्डाची प्रमुख परिचारिका, झाली. 1962 मध्ये ती बॅप्टिस्ट मिशनतर्फे परिचारिका म्हणून आपल्या आसाममध्ये आली होती. चीनचं युद्ध जवळ येऊन ठेपलं, तेव्हा तिला कलकत्त्याला हलवण्यात आलं आणि तिथून ती मायदेशी परतली. आई भेटली ती त्यानंतर, 1967 मध्ये. तीस वर्षांहून अधिक काळ गेला होता. 1984 मध्ये 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' ठरलेल्या लोवित्जाबाई फेब्रुवारी 2024 मध्ये गेल्या. त्यांच्या सगळ्या मोठ्या पदांच्या मागे मला तो कॉरिडॉर दिसत राहतो.

आज अ‍ॅबोरिजिनल तरुणांनी नर्सिंग आणि मिडवाइफरीत (प्रसूतिशुश्रूषेत) यावं म्हणून ऑस्ट्रेलियात शिष्यवृत्त्या आणि राखीव पदं आहेत. 'एवढं खास कशाला?' असा प्रश्न तिथेही विचारला जातो. उत्तर मागच्या शंभर वर्षांत आहे. सिडनी ज्यात येतं त्या न्यू साउथ वेल्स राज्यात अ‍ॅबोरिजिनल लोकांसाठी 1909 चा 'संरक्षण' कायदा आला. 1915 च्या दुरुस्तीने तर कोर्टात न जाताच मुलं आईबापांपासून तोडायचा अधिकार सरकारी मंडळाला मिळाला. अशा तोडून आणलेल्या मुलींना कूटामुंड्राच्या गृहात शिकवलं जाई ते झाडलोट, धुणं, स्वयंपाक. पुढे गोऱ्यांच्या घरी मोलकरीण म्हणून पाठवायला. नर्सिंगला लागणारं शालेय शिक्षण मुळात मिळूच द्यायचं नाही, आणि मग पात्रता नाही म्हणून दारातून परत पाठवायचं, अशी ती रचना होती. रुग्ण म्हणून गेलं तरी अनेक गावांत वॉर्ड वेगळा, नाहीतर व्हरांड्यात खाट. बाळंत होऊन घरी बाळ आणता येईल याची खात्री नसे, त्यामुळे रुग्णालयाची धास्ती पिढ्यान्‌पिढ्या मुरली.

तरीही काहीजणी आत शिरल्या. मे यारोविक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सिडनीत प्रसूतिशुश्रूषेचं शिक्षण घेतलं आणि टिंघा भागात बाळंतपणं केली. यॅराबाह या मिशन वस्तीतल्या म्यूरिएल स्टॅन्ली 1940 च्या दशकात शिकल्या आणि मिशनच्या रुग्णालयात मेट्रन झाल्या. आणि फेथ थॉमस! त्याही कोलब्रूकमध्येच वाढलेल्या, रॉयल अ‍ॅडलेडच्या पहिल्या अ‍ॅबोरिजिनल परिचारिकांपैकी एक. रुग्णालयातल्या सहकारिणीमुळे क्रिकेटकडे वळल्या आणि 1958 मध्ये मेलबर्नला इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळल्या. ऑस्ट्रेलियाकडून कसोटी खेळणारी पहिली अ‍ॅबोरिजिनल स्त्री! पुढचे दौरे त्यांनी नर्सिंगसाठी सोडले. क्रिकेटवेड्या आपल्या लोकांना तरी हे नाव माहीत असायला हवं.

1967 च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी अ‍ॅबोरिजिनल लोकांना जनगणनेत मोजायच्या बाजूने कौल दिला. चार वर्षांनी सिडनीच्या रेडफर्न वस्तीत समाजानेच चालवलेला पहिला दवाखाना उघडला. टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांशी नातं असलेल्या डल्सी फ्लॉवर या परिचारिका त्याच्या उभारणीत होत्या.

मग 1980 च्या दशकात एक बदल आला आणि त्याची झळ कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. नर्सिंगचं शिक्षण रुग्णालयांतून कॉलेजांत आणि विद्यापीठांत गेलं. न्यू साउथ वेल्समध्ये हे 1985 मध्ये झालं, 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशभर. व्यवसायाची प्रतिष्ठा वाढली, हे चांगलंच झालं. पण पूर्वी विद्यार्थिनीला राहायला खोली आणि थोडा का होईना पगार मिळे, तो गेला. आता फी, शहरातलं भाडं आणि वॉर्डातले बिनपगारी आठवडे. घरची पहिलीच पदवी घ्यायला निघालेल्या, कडेवर मूल असलेल्या बाईला हे झेपायचं कसं? प्रवेश घेणाऱ्या पुष्कळ होत्या, पण मधेच सोडून जाणाऱ्याही पुष्कळ.

1997 मध्ये विराजुरी या अ‍ॅबोरिजिनल समाजाच्या सॅली गूल्ड यांच्या पुढाकाराने अ‍ॅबोरिजिनल परिचारिकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. मिडवाइफ हा शब्द तिच्या नावात नंतर आला. 2002 च्या एका अहवालाने प्रवेशाइतकाच टिकण्याचा प्रश्न ऐरणीवर आणला. 'आणायचं आणि टिकवायचं' हेच त्याचं शीर्षक, तेही अ‍ॅबोरिजिनल बोलीच्या इंग्रजीत. त्याच सुमाराला आरोग्यनेते पगी हंटर यांच्या स्मरणार्थ केंद्राची शिष्यवृत्ती सुरू झाली. न्यू साउथ वेल्सची कॅडेटशिप शिकताना भत्ता आणि रुग्णालयात पगारी काम देते. बिनपगारी आठवड्यांसाठी केंद्राचा भत्ता मात्र 1 जुलै 2025 ला आला, तोही उत्पन्नाची अट घालून. लोकसंख्येत अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस बेटांवरचे लोक 3.8 टक्के आहेत, परिचारिका आणि मिडवाइफमध्ये दीड टक्क्याच्या आसपास.

मिडवाइफरीची निकड आणखी वेगळी आहे. दुर्गम वस्तीतल्या गरोदर बाईला दिवस भरण्याआधी काही आठवडे शहरात पाठवतात. हॉस्टेलच्या खोलीत ती एकटी कळांची वाट पाहते. आई, आजी, थोरली मुलं शेकडो किलोमीटर लांब. पहिल्या बाळंतपणाला लेकीला माहेरी आणणाऱ्या आपल्या समाजाला यातलं तुटलेपण समजावून सांगायला नको. त्यांच्याकडे तर जन्म आपल्या भूमीवर होणं हे माणसाचं त्या भूमीशी नातं ठरवतं. आपण म्हणतो ना, इथे माझी नाळ पुरली आहे, तसंच काहीसं. 1980 च्या दशकात अ‍ॅलिस स्प्रिंग्जला आजीबाईंच्या रीतीनुसार चालणारं 'अलुकुरा' हे बाळंतपणाचं केंद्र निघालं ते याच मागणीतून.

ब्रिस्बेनमध्ये 2013 मध्ये समाजाच्या दोन आरोग्यसंस्था आणि मेटर रुग्णालय यांनी मिळून एक सेवा सुरू केली. प्रत्येक गरोदर बाईला ठरलेली एक मिडवाइफ, रात्री-अपरात्रीही फोन उचलणारी, आणि सोबत समाजातलीच मदतनीस. 2021 मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये निष्कर्ष छापून आले. नेहमीची सेवा घेणाऱ्या बायकांच्या तुलनेत या सेवेतल्या बायकांची अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं स्पष्टपणे कमी होती. मिडवाइफ व्हायला निघालेल्या अ‍ॅबोरिजिनल विद्यार्थिनींना त्याच सेवेत कॅडेट म्हणून घेतात. शिकताना त्या जी बाळंतपणं पाहतात, ती आपल्याच बायकांची असतात.