अमूर्त चित्र, आठवण आणि शीर्षकाची पाटी

स्मृती हा विषय घेऊन एखादा चित्रकार अमूर्त चित्रांचे एकल प्रदर्शन भरवतो, तेव्हा पाहणाऱ्यांची एक शंका ठरलेली असते. आठवण म्हणजे माणसे, घरे, प्रसंग. मग कॅनव्हासवर त्यांपैकी काहीच कसे दिसत नाही? शंका रास्त आहे आणि तिचे बरेचसे उत्तर मेंदूच्या अभ्यासात सापडते.

डोळ्यांकडून निघालेला संदेश मेंदूच्या मागच्या भागात पोहोचला की आधी त्याची फोड होते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९५९ पासून मांजरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की तिथल्या काही पेशी फक्त उभ्या रेषेला, काही आडव्या आणि काही विशिष्ट कोनातल्या तिरप्या रेषेलाच प्रतिसाद देतात. या संशोधनासाठी १९८१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. रंग, हालचाल, चेहरे यांवर प्रामुख्याने काम करणारे भाग आणखी पुढे, वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. एखादा प्रसंग लक्षात राहतो तेव्हा या विखुरलेल्या नोंदींची सांगड घालण्याचे काम मेंदूच्या आतल्या बाजूला असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग करतो आणि आठवताना त्याच नोंदी पुन्हा जागवून प्रसंग नव्याने जुळवला जातो. जिथे नोंद अपुरी असते, तिथे आपल्या सर्वसाधारण माहितीतून भर पडते आणि ती भर आपल्याला वेगळी ओळखू येत नाही.

अमूर्त चित्रकार या साखळीतला वस्तू ओळखण्याचा टप्पा गाळतो आणि रंग, कड, पोत एवढेच समोर ठेवतो. पुढची जुळवाजुळव पाहणाऱ्याच्या मेंदूला स्वतःच्या साठ्यातून करावी लागते. म्हणूनच स्मृती आणि अमूर्त चित्र यांचे नाते वरवरचे नाही, असे मला वाटते. मात्र प्रत्येक धूसर चित्राला आठवणीचे चित्र म्हणणे मला पटत नाही. तीव्र भावनेच्या क्षणी आपले लक्ष मध्यवर्ती गोष्टीवर खिळते. ती ठसठशीत लक्षात राहते आणि भोवतालचे मात्र निसटते. त्यामुळे विस्तीर्ण फिकट रंगलेपात एकच धारदार कड ठेवणारा कॅनव्हास हा सगळीकडे सारखेच धुके पसरलेल्या कॅनव्हासपेक्षा आठवणीच्या घडणीला अधिक जवळचा असतो.

प्रदर्शनात चित्राशेजारी लावलेल्या शीर्षकाच्या पाटीचा विचार इथे करायलाच हवा. १९३२ साली लिओनार्ड कारमायकेल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. त्यांनी सहभागी व्यक्तींना बारा संदिग्ध आकृत्या दाखवल्या. त्यांपैकी एक आकृती म्हणजे एका छोट्या रेषेने जोडलेली दोन वर्तुळे. एका गटाला ती दाखवताना ‘चष्मा’ असा शब्द ऐकवला, दुसऱ्या गटाला ‘डंबेल’. नंतर आकृती आठवून काढायला सांगितल्यावर पहिल्या गटातल्या अनेकांच्या चित्रात जोडरेषा चष्म्याच्या दांडीसारखी वाकली आणि दुसऱ्या गटातल्या अनेकांच्या चित्रात ती जाड होऊन व्यायामाच्या दांड्यासारखी झाली. डोळ्यांपुढची आकृती दोघांसाठी एकच होती. पुढे झालेल्या ओळखण्याच्या चाचण्यांत, म्हणजे अनेक आकृत्यांमधून मूळ आकृती निवडायला सांगितल्यावर, शब्दाचा प्रभाव इतका दिसला नाही. यावरून काही बदल आठवून काढण्याच्या वेळी होत असावा, असा अर्थ लावता येतो.

‘आजोळ’ किंवा ‘पूर’ असे शीर्षक आधी वाचले, तर निळा पट्टा लगेच नदी होऊन बसतो आणि महिन्याभराने आठवताना तो प्रत्यक्षात होता त्याहून अधिक नदीसारखा आठवण्याची शक्यता असते. अमेरिकन अमूर्त चित्रकार मार्क रॉथ्को यांनी आपल्या परिपक्व काळातल्या अनेक चित्रांना केवळ क्रमांक किंवा रंगांची नावे दिली, त्यामुळे पाहणाऱ्याला आयता धागा मिळत नाही. पाटी लावूच नये असे माझे म्हणणे नाही. पण ती चित्रानंतर वाचावी, असे मी आग्रहाने सांगेन.

अशा प्रदर्शनांत एकावर एक चढवलेले आणि मधूनच खरवडलेले रंगाचे थर वारंवार दिसतात. आठवण पुन्हा पुन्हा बदलत जाते, ही त्यामागची कल्पनाही निराधार नाही. २००० साली करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी उंदरांना एका ठरावीक आवाजाची भीती शिकवली. ती स्मृती पक्की झाल्यानंतर तोच आवाज पुन्हा ऐकवून त्यांनी मेंदूतल्या अमिग्डाला या भागात प्रथिननिर्मिती रोखणारे औषध सोडले आणि पुढच्या चाचणीत भीती लक्षणीय कमी झालेली आढळली. आवाज न ऐकवता औषध दिले तेव्हा भीती तशीच राहिली. पक्की झालेली स्मृती आठवल्यावर काही काळ बदलण्याजोगी होते आणि तिला पुन्हा बसवावे लागते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. माणसांच्या बाबतीत हा परिणाम प्रत्येक प्रयोगात सारखा मिळालेला नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

रंग स्वतःही बदलतो. रॉथ्को यांनी हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेली पाच भव्य चित्रे १९६४ साली तिथल्या एका उंच खिडक्यांच्या भोजनकक्षात लावली गेली. त्यांतला लिथॉल रेड हा रंग उन्हात टिकत नाही. किरमिजी पृष्ठभाग फिका निळसर होत गेला आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस चित्रे उतरवून ठेवावी लागली. २०१४ साली तिथल्या संग्रहालयाने ती पुन्हा मांडली, तेव्हा कॅनव्हासला नवा रंग लावला नाही. मूळ रंग आणि आजचा रंग यांतला फरक चित्राच्या बिंदूबिंदूला मोजून तेवढाच प्रकाश प्रोजेक्टरने वर टाकला. मूळ रंग ठरवण्यासाठी वापरलेली १९६४ ची छायाचित्रेही फिकी झाली होती, त्यामुळे आधी त्यांचीच दुरुस्ती करावी लागली. त्या पडताळणीला उन्हापासून दूर राहिलेले, भिंतीवर कधीच न लागलेले सहावे चित्र कामी आले. रोज दुपारी चार वाजता प्रोजेक्टर बंद केला जाई आणि विटलेला पृष्ठभागही लोकांना पाहता येई.

फोटोंवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी लिंडा हेंकेल यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास उपयोगी आहे. संग्रहालयात फिरताना ज्या वस्तूंचे संपूर्ण फोटो काढले, त्या सहभागींना दुसऱ्या दिवशी नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र एखादा तपशील जवळ आणून त्याचा फोटो काढला, तेव्हा ही घट दिसली नाही आणि फोटोत न आलेला भागही तितकाच लक्षात राहिला. तेव्हा कॅमेरा काढायचाच असेल, तर आधी एखादी कड किंवा दोन थर भेटतात ती जागा निवडावी आणि तेवढाच भाग चौकटीत घ्यावा.