एमी आणि आंतरराष्ट्रीय एमी: मूर्ती एक, अकादम्या दोन

चालू घडामोडींच्या टिपणांत अजूनही सर्रास छापलेलं असतं: ‘दिल्ली क्राईम’ या वेबमालिकेला एमी, म्हणजे टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाला. लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांतली मुलं तेच पाठ करतात आणि सप्टेंबरात अमेरिकेत एमी जाहीर झाले की विचारतात, यंदा भारताचं नाव का नाही? अहो, तो सोहळाच वेगळा.

सप्टेंबरातला तो प्राइमटाइम एमी. लॉस एंजेलिसचा, १९४९पासूनचा, सगळ्यांना माहीत असलेला. डेटाइम, न्यूज, स्पोर्ट्स असेही एमी आहेत. ते सोडून द्या, तिथे कुणी फसत नाही.

फसगत होते ती आंतरराष्ट्रीय एमीपाशी. ‘दिल्ली क्राईम’ला मिळाला तो हाच. नाव तेच, हातात अणू धरलेल्या पंखवाल्या स्त्रीची मूर्ती तीच, पण देणारी संस्था निराळी. प्राइमटाइम एमी देणारी टेलिव्हिजन अकादमी १९४६ची. आंतरराष्ट्रीय एमी देते न्यूयॉर्कची इंटरनॅशनल अकादमी, ती १९६९ची, आणि तिचा सोहळा नोव्हेंबरात. लातूरकरांना एका वाक्यात कळेल: बारावी बोर्डात पहिला आलेल्या मुलाला कुणी ‘नीटमध्ये पहिला’ म्हणत नाही. दोन्ही यश मोठंच, पण पेपर वेगळा आणि तपासणारेही वेगळे.

तपासण्याची पद्धत बघा. प्राइमटाइमला अकादमीचे सभासद मत देतात. अभिनयाची नामांकनं अभिनेतेच ठरवतात. आंतरराष्ट्रीय एमीत वेगवेगळ्या देशांतले परीक्षक टप्प्याटप्प्याने कार्यक्रम पाहून निवड करतात.

आता दुसरी चूक, जी पहिली सुधारताना होते: ‘परदेशी मालिकेला प्राइमटाइम मिळतच नाही.’ मिळतो. कोरियन भाषेतल्या ‘स्क्विड गेम’साठी ली जंग-जे २०२२मध्ये प्राइमटाइम एमीचा सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला. निर्मितीत आधीपासून अमेरिकी भागीदार असेल, पैशानेही आणि सर्जनशील कामातही, तर तो दरवाजा उघडतो. त्यामुळे मालिकेचा देश किंवा भाषा पाहून निकाल लावू नका. प्रवेशिका कोणत्या अकादमीकडे गेली होती ते पाहा.

बातमीत ते लिहिलेलं नसेल तर मूळ इंग्रजी विभागाचं नाव वाचा. प्राइमटाइममध्ये ‘आउटस्टँडिंग लीड अॅक्टर’ असतं, आंतरराष्ट्रीयमध्ये ‘बेस्ट परफॉर्मन्स बाय अॅन अॅक्टर’. ‘टेलिनोव्हेला’ (लॅटिन अमेरिकी धाटणीची दैनंदिन मालिका) हा विभाग दिसला की तो आंतरराष्ट्रीयच. ही खूण महिन्यापेक्षा भरवशाची, कारण प्राइमटाइम सोहळा पुढे ढकलला जाऊ शकतो. २०२३चा संपामुळे जानेवारी २०२४मध्ये झाला.

नामांकन म्हणजे पुरस्कार नव्हे, हेही पुन्हा सांगावं लागतं. राधिका आपटेला २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय एमीचं नामांकन होतं, पुरस्कार नव्हे. एकता कपूरला २०२३मध्ये मिळाला तो डिरेक्टोरेट पुरस्कार, म्हणजे स्पर्धेबाहेरचा सन्मान. त्याच वर्षी वीर दासने विनोदी विभागात स्पर्धेतून जिंकला, ‘डेरी गर्ल्स’ या ब्रिटिश मालिकेसोबत विभागून. ‘विभागून’ हा शब्द आपल्याकडच्या टिपणांत हमखास गळतो.

वहीत ओळ अशी लिहा: ‘दिल्ली क्राईम, आंतरराष्ट्रीय एमी, सर्वोत्कृष्ट ड्रामा सिरीज, नोव्हेंबर २०२०.’ ‘आंतरराष्ट्रीय’ शब्द जागेअभावीसुद्धा गाळू नका. गाळायचाच तर महिना गाळा.