पीकेयू आणि मोठेपणीचं वजन

पीकेयू म्हणजे फिनाइलकीटोन्युरिया, आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेला जीन आला की होणारा मेटाबॉलिझमचा जन्मजात आजार. लिव्हरमधलं एक एन्झाइम नीट चालत नाही, त्यामुळे प्रोटीनमधून येणारं फेनिलॲलनिन (प्रोटीन ज्यांचं बनतं त्या अमिनो ॲसिडपैकी एक, बोलताना सगळे नुसतं 'फे' म्हणतात) टायरोसिन या दुसऱ्या अमिनो ॲसिडमध्ये बदलायच्या ऐवजी रक्तात साठत राहतं आणि मेंदूला त्रास देतं. उपाय मुख्यतः ताटातलाच, मोजूनमापून प्रोटीन, तेही जन्मभर. ही नोंद असं डाएट करत मोठ्या झालेल्या माणसांच्या वजनाबद्दल आहे.

आजार ओळखला नॉर्वेच्या आस्बियर्न फॉलिंग यांनी, १९३४ मध्ये. डाएटने फरक पडतो हे होर्स्ट बिकेल आणि सहकाऱ्यांनी बर्मिंगहॅमला १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं, आणि १९६० च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांच्या टाचेतून रक्त घ्यायच्या टेस्टमुळे बाळं वेळेत सापडायला लागली. म्हणजे पहिल्या आठवड्यांपासून ट्रीटमेंट मिळालेले प्रौढ ही तशी अलीकडचीच पिढी. मधल्या काळात तर थोडं मोठं झाल्यावर डाएट सोडलं तरी चालतं असं बऱ्याच जणांना सांगितलं गेलं होतं, आता तसं कुणी सांगत नाही.

क्लासिकल, म्हणजे सगळ्यात तीव्र प्रकारचा पीकेयू असलेल्या प्रौढाला दिवसाला नैसर्गिक प्रोटीन १० ग्रॅम किंवा त्याहूनही कमी झेपतं. हिशोब साधारण असा की १ ग्रॅम प्रोटीन म्हणजे ५० मिलिग्रॅम फे. मांस, मासे, अंडी, चीज, डाळी, सुकामेवा हे सगळं बाद, साधा ब्रेडसुद्धा वजन करून. शरीराला लागणारं बाकीचं प्रोटीन फे काढून टाकलेल्या अमिनो ॲसिडच्या फॉर्म्युल्यातून दिवसातून तीन-चार वेळा प्यायचं, आणि पोट भरायला स्टार्चचे लो-प्रोटीन ब्रेड, पास्ता, बिस्किटं. खरी गोम इथेच आहे. साखर, तेल, लोणी, स्टार्च यांत फे जवळपास नसतंच, म्हणून त्यांना मोजायचं नाही, ते 'मोकळं'. लहान मूल भुकेने रडतंय आणि दिवसाचा कोटा संपलाय, तर आई काय देणार, गोड काहीतरी, नाहीतर जूस. डोक्यात एकच गणित पक्कं बसतं, फे मोजायचं, आणि कॅलरी नावाचं दुसरं काही मोजायचं असतं हे तिशीत वजनकाट्यावर उभं राहिल्यावर कळतं.

मग पीकेयूमुळे माणूस जाड होतो का? अभ्यासांचं एकमत नाही, काहींत जास्त वजनाचं प्रमाण बाकी लोकांइतकंच निघालं, काहींत जास्त, त्यातही बायकांमध्ये. माझ्या मते आजार कुणाला जाड करत नाही, ताटाची घडण करते, आणि बैठं काम, कमी झोप ही सगळ्यांचीच कारणं इथेही आहेतच.

एक छोटं उदाहरण बघा. वजन कमी करायचं म्हटलं की लोक आधी डाएट सोडा उचलतात. पण त्यात साखरेऐवजी घातलेल्या ॲस्पार्टेमच्या वजनात निम्म्याहून जास्त फेच असतं, एका कॅनमधून शंभरेक मिलिग्रॅम सहज जातं, म्हणजे २ ग्रॅम प्रोटीन खाल्ल्यासारखंच. म्हणून पीकेयूवाले साखरेचा सोडा पितात आणि १४०-१५० कॅलरी पदरात पाडून घेतात. सुक्रालोज किंवा स्टीव्हियावालं चालतं, पण लेबल वाचल्याशिवाय नाही, कारण बऱ्याच ड्रिंक्समध्ये ॲस्पार्टेमही मिसळलेलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'कमी खा' हा सल्ला इथे अंगावर येऊ शकतो. खाणं एकदम तोडलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं आणि स्नायू म्हणजे प्रोटीनच. एक किलो स्नायूत साधारण २०० ग्रॅम प्रोटीन, त्यात अंदाजे ८ ग्रॅम फे. ज्याचा दिवसाचा कोटा ४०० मिलिग्रॅम आहे त्याच्यासाठी हे वीस दिवसांचं फे झालं, तोंडात एक घास न घालता! म्हणून क्रॅश डाएट किंवा लांबलचक उपवास केले की रक्तातली फेची लेव्हल चढते, मग लक्ष लागत नाही, चिडचिड होते, आणि माणूस म्हणतो मी तर काहीच खाल्लं नव्हतं. रात्रभर उपाशी राहिल्यावर सकाळची लेव्हल दिवसातली सगळ्यात जास्त असते, ती याच कारणाने. हाय-प्रोटीन डाएट आणि नेहमीचा कीटो यांचा तर प्रश्नच येत नाही.

दुसरी चूक म्हणजे फॉर्म्युल्यात कॅलरी आहेत म्हणून तोच कमी करणं. त्याने फक्त फे वाढतं, स्नायू जातात आणि भूकही जास्त लागते, शिवाय बी-१२ सारखी व्हिटॅमिन्स त्यातूनच येत असतात. बदलायचाच तर कमी साखरेचा फॉर्म्युला घ्यावा, प्रोटीन तेवढंच ठेवून. कात्री लावायची ती गोड पेयांना, लो-प्रोटीन बिस्किटांना आणि तळणीला, आणि ताट भरायचं भाज्यांनी. युरोपियन गाईडलाइन्सनुसार १०० ग्रॅममध्ये ७५ मिलिग्रॅमपर्यंत फे असलेल्या भाज्या-फळं न मोजता खाता येतात, ही सवलत वजन उतरवताना सोन्यासारखी. एरवी प्रौढ महिन्यातून एकदा ब्लड स्पॉट (फे तपासायला रक्ताचा थेंब) पाठवत असेल तर या काळात जास्त वेळा पाठवावा, लेव्हल चढायला लागली की वजन फार वेगाने उतरतंय असं समजून थोडं जास्त खायचं, अर्थात डायटीशियनला विचारून. १२ वर्षांपुढे युरोपात रक्तातल्या फेचं टार्गेट १२० ते ६०० मायक्रोमोल प्रति लिटर आहे, अमेरिकेत ३६० च्या आत. गरोदरपणात तर युरोपातही वरची मर्यादा ३६० च आहे, त्यामुळे वजन कमी करायचा कार्यक्रम दिवस राहायच्या आधीच उरकलेला बरा.

औषधांनी चित्र थोडं बदललंय. अमेरिकेत सॅप्रोप्टेरिनला २००७ मध्ये आणि मोठ्यांसाठीच्या पेग्व्हॅलिएज इंजेक्शनला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. ज्यांना ती लागू पडतात त्यांचा कोटा वाढतो, पण लो-प्रोटीन पास्ता तसाच ठेवून वर चीज आलं तर वजनाचं काय होणार ते सांगायला नको. वजन कमी करायची जी नवी इंजेक्शनं आहेत त्यांनी भूक मरते आणि मळमळतं, मग पहिल्यांदा सुटतो तो फॉर्म्युलाच, त्यामुळे ती मेटाबॉलिक टीमला न सांगता घेऊ नयेत.

डाएटवर चालणाऱ्या इतर काही आजारांतही उपाशी राहणं महागात पडतं, काही ठिकाणी पीकेयूपेक्षा जास्त. मेपल सिरप युरिन डिसीजमध्ये स्नायू मोडले की ल्युसिन हे अमिनो ॲसिड वाढून मेंदूला सूज येऊ शकते. ग्लायकोजेन स्टोरेज टाइप १ या आजारात रक्तातली शुगर पडू नये म्हणून कच्चं कॉर्नस्टार्च ठराविक तासांनी, काहींना रात्री गजर लावूनसुद्धा, प्यावं लागतं, आणि त्या कॅलरी कमी करायला गेलं तर थेट शुगरच खाली येते.