खानचा पंधरा वर्षांचा वनवास

रामाचा वनवास चौदा वर्षांचा, पांडवांचा अज्ञातवास धरून तेरा. 'स्टार ट्रेक'मधला खलनायक खान नूनियन सिंगच्या वाट्याला पंधरा वर्षं आली. गंमत अशी की कथेतली पंधरा वर्षं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातली पंधरा वर्षं एकच होती. 'स्टार ट्रेक' या अंतराळप्रवासावरच्या टीव्ही मालिकेतला 'स्पेस सीड' हा भाग अमेरिकेत १६ फेब्रुवारी १९६७ला एनबीसी वाहिनीवर दाखवला गेला आणि त्याच गोष्टीचा पुढचा अंक, 'द रॅथ ऑफ खान' हा चित्रपट, ४ जून १९८२ला पडद्यावर आला. जुन्या चाहत्यांना हा सिक्वेल इतका का भावतो, ते या मधल्या काळाकडे पाहिलं की कळतं.

आधी तो भाग. एंटरप्राइझ यानाला अंतराळात भरकटलेलं एक जुनाट यान सापडतं. आत दीर्घ निद्रेत ठेवलेली माणसं. त्यांचा म्होरक्या खान, म्हणजे निवडक पैदाशीतून घडवलेला 'अतिमानव' आणि १९९०च्या दशकात पृथ्वीच्या पाव हिश्शाहून जास्त भागावर सत्ता गाजवलेला हुकूमशहा. यानावरची इतिहासतज्ज्ञ त्याला बघून अंदाज बांधते की हा उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा. दाढी नाही, पगडी नाही, आणि भूमिका करणारे रिकार्डो माँटलबान मेक्सिकोत जन्मलेले! आपण हसून सोडून द्यायचं. माणूस पडद्यावर आला की नजर हटत नाही, हे मात्र खरं. शेवटी एंटरप्राइझचा कॅप्टन कर्क त्याला तुरुंगात न टाकता सेटी अल्फा ५ या खडतर ग्रहावर सोडतो. आज पेरलेल्या बीला शंभर वर्षांनी काय पीक आलं ते बघायला मजा येईल, असं कर्कचा सहकारी स्पॉक म्हणतो. भाग संपला, विषय संपला.

मालिकाही फार टिकली नाही. दुसऱ्या वर्षीच ती बंद पडणार अशी कुणकुण लागली, तेव्हा प्रेक्षकांनी एनबीसीवर पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरं वर्ष मिळवलं. पण वेळ मिळाली शुक्रवारी रात्री दहाची, जेव्हा तिचा तरुण प्रेक्षक घराबाहेर असायचा. १९६९मध्ये ७९ भागांवर गाशा गुंडाळला गेला. खरं वेड लागलं ते त्यानंतर, स्थानिक वाहिन्यांवरच्या पुनःप्रक्षेपणांमुळे. १९७६मध्ये तर चाहत्यांच्या पत्रांमुळे अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला 'एंटरप्राइझ' हे नाव मिळालं. आपल्याकडे ही मालिका दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची, तीही ऐंशीच्या दशकात. आम्ही उशिरा पंगतीला बसलो, पण जेवलो पोटभर.

१९७९चा पहिला चित्रपट भव्य होता, खर्चिक होता आणि संथ होता. 'मोशन पिक्चर'ला लोक 'मोशनलेस पिक्चर' म्हणू लागले. मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी त्यात डोक्याचा गोटा करून इलिया ही भूमिका साकारली, हा आपला अभिमानाचा भाग. चित्रपटाने पैसा कमावला, पण खर्चाचा आकडा साडेचार कोटी डॉलरच्या आसपास गेल्याने पॅरामाउंट या चित्रपट कंपनीने मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांना सल्लागाराच्या खुर्चीत बसवलं आणि सूत्रं टीव्हीतल्या हार्व्ह बेनेट यांच्याकडे दिली. एवढ्या पैशात आपण पाच चित्रपट काढू, असं बेनेट म्हणाल्याचं सांगतात. बेनेट यांना 'स्टार ट्रेक'मधलं काही ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी मालिकेचे सगळे भाग बसून पाहिले, आणि त्यात त्यांना कर्कवर सूड उगवायला परत येऊ शकेल असा खान सापडला.

या दुसऱ्या चित्रपटाचे दिग्दर्शक निकोलस मेयर हेही चाहते नव्हते. पटकथेचे वेगवेगळे खर्डे पडून होते. त्यांतलं कोणाला काय आवडलं ते विचारून मेयर यांनी बारा दिवसांत नवी पटकथा बांधली, श्रेयनामावलीत नाव न घेता. बजेट पहिल्याच्या जेमतेम पाव. पहिल्या चित्रपटातली काही दृश्यं पुन्हा वापरली, आणि कर्कच्या व खानच्या अशा दोन्ही यानांची नियंत्रणकक्षं म्हणजे एकाच सेटची फिरवाफिरव. नेब्युलातली, म्हणजे अंतराळातल्या वायू-धुळीच्या ढगातली लढाई मेयर यांनी धुक्यातल्या दोन पाणबुड्यांसारखी रचली. कर्क आणि खान अख्ख्या चित्रपटात एकदाही समोरासमोर येत नाहीत, तरी ते कित्येकांच्या लक्षातही येत नाही.

स्पॉकचं मरण ही त्याची भूमिका करणाऱ्या लेनर्ड निमॉय यांना परत आणण्यासाठी बेनेट यांनी दाखवलेली लालूच होती. ती बातमी फुटली आणि चाहते खवळले. मग मेयर यांनी सुरुवातीलाच कोबायाशी मारू या जिंकताच न येणाऱ्या सराव परीक्षेत स्पॉकला खोटंखोटं मारून टाकलं, म्हणजे प्रेक्षक निर्धास्त. पण शेवटी काचेपलीकडे खरोखर मरणारा स्पॉक म्हणतो की ती परीक्षा मी आजवर दिलीच नव्हती, आणि हुलकावणीसाठी घातलेला प्रसंग चित्रपटाचा कणा होऊन बसतो. भाड्याने आणलेल्या कॅसेटवर हे दृश्य पाहताना मी एकदा मागे नेऊन सुरुवात पुन्हा बघितली होती.

आणि ते वय! कर्कचा वाढदिवस, डॉक्टर मॅकॉयने भेट दिलेला वाचायचा चष्मा. चित्रीकरणाच्या वेळी कर्क साकारणारे विल्यम शॅटनर पन्नाशीचे होते. १९६७मध्ये पंधरा वर्षांचा असलेला पोरगा १९८२मध्ये तिशीत होता. त्याला पडद्यावर आपल्यासोबत म्हातारी झालेली माणसं दिसली, आणि त्याला पाठ असलेल्या एका जुन्या भागाची उधारी व्याजासकट वसूल होताना दिसली.

अर्थात असं पाठांतर असलेल्यांनी पहिल्याच दिवशी चूकही पकडली. चित्रपटात खान कर्कचा जुना सहकारी चेकॉव्हला बघताच ओळखतो, चेहरा मी कधी विसरत नाही म्हणतो. पण चेकॉव्ह साकारणारे वॉल्टर कोनिग मालिकेत आले दुसऱ्या वर्षी; 'स्पेस सीड'मध्ये चेकॉव्ह नव्हताच. कोनिग यांनी यावर आपला खुलासा तयार ठेवला होता: चेकॉव्ह तेव्हा यानावरच होता, फक्त संडासात, आणि बाहेर खान ताटकळत उभा होता.