कोंबडीखाद्य : धान्याचा प्रकार व भरडीचा आकार

अंड्यांवरील कोंबड्यांच्या मॅश (दळून मिसळलेल्या, गोळ्या न केलेल्या) खाद्यात बहुधा निम्म्याहून अधिक वाटा धान्याचा असतो. मक्याच्या एका किलोग्रॅमपासून सुमारे ३,३०० किलोकॅलरी चयापचयी (पक्ष्याच्या शरीराला प्रत्यक्ष वापरता येणारी) ऊर्जा मिळते. गव्हात ती थोडी कमी, पण प्रथिने अधिक असतात. पिवळ्या मक्यातील ल्युटीन व झिअ‍ॅझँथीन या रंगद्रव्यांमुळे बलक गडद होतो, तर गहू किंवा ज्वारी वापरल्यास तो फिका पडतो. मात्र रंगावरून अंड्याचे पोषणमूल्य ठरत नाही. मक्यात लिनोलीइक अम्ल हे मेदाम्लही अधिक असल्याने, तो काढून गहू घालताना तेलाची जोड न दिल्यास अंड्याचे वजन घटण्याचा संभव असतो. सातू व राय यांतील विद्राव्य तंतूंमुळे आतड्यातील द्रव चिकट होतो, विष्ठा ओली पडते आणि अंडी मळतात. त्यावर उपाय म्हणून १९८० च्या दशकापासून खाद्यात हे तंतू तोडणारी विकरे (एन्झाइम) मिसळण्याची पद्धत रूढ होत गेली. ज्वारीच्या टॅनिनयुक्त (टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या) वाणांत प्रथिनांचे पचन मंदावते.

भरडीबाबत मतभेद अधिक आहेत. दाणा जितका बारीक तितके त्याचे पृष्ठफळ मोठे आणि पचन चांगले, असा जुना विचार होता. पक्ष्यांना दात नसले तरी पेषणी हा दळणारा अवयव असतो, ही गोष्ट त्यात काहीशी दुर्लक्षिली गेली. भरड कण पेषणीत अधिक वेळ थांबतात, तिचे स्नायू बळकट होतात आणि तेथील अम्लता वाढते; केवळ पिठावर वाढलेल्या पक्ष्यांत ती लहान व पातळ भिंतीची आढळते. त्यामुळे अलीकडच्या अभ्यासकांचा कल भरड दळणाकडे असून तो अधिक सयुक्तिक वाटतो. तथापि अंडी देण्याच्या प्रमाणात भरडीमुळे पडणारा फरक अनेक प्रयोगांत किरकोळच दिसला आहे.

कोंबडी चोचीने चाचपून मोठे कण आधी वेचते. भरड व पीठ यांत फार तफावत असेल, तर वरचढ कोंबड्या दाण्याचे तुकडे खाऊन टाकतात आणि दबलेल्या कोंबड्यांच्या वाट्याला गव्हाणीच्या तळाचे पीठ येते. जीवनसत्त्वे, खनिजे व अ‍ॅमिनो अम्ले याच पिठात असल्याने दोघींचाही आहार असमतोल होतो. म्हणून नुसता सरासरी आकार पुरेसा ठरत नाही. बहुतेक कण ०.५ ते ३ मिलिमीटरच्या दरम्यान आहेत का, हे चाळण्या लावून पाहावे लागते. हॅमर मिलपेक्षा (फिरत्या हातोड्यांनी दाणा फोडणारी गिरणी) रोलर मिलमधून (रुळांमध्ये दाणा चिरडणारी गिरणी) निघणारे कण सामान्यतः अधिक एकसारखे असतात.

अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम मिळावे म्हणून खाद्यात घालतात त्या चुनखडीला मात्र वेगळा न्याय लागतो. कवच मुख्यतः रात्री घडते आणि त्या वेळी कोंबडी खात नाही. २ ते ४ मिलिमीटरची खडी पेषणीत टिकून हळूहळू विरघळत रात्रभर कॅल्शियम पुरवते. गहू अख्खा दिल्यास पेषणीत घासण्यासाठी न विरघळणारे खडे सोबत देण्याचा प्रघात आहे.